एक डोकं जास्त

सभागृहात दोनशे एक्केचाळीस सदस्य होते आणि त्यांची बाकं सांभाळायला एक सुतार होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. शेजारीपाजारी मिस्त्रींच्या बायकोलाही मिस्त्रीणबाई म्हणायला लागले होते, पण ती शहर बससेवेत कंडक्टर होती आणि तिला ते मुळीच चालत नसे. "मी माझं यंत्र घेऊन फिरते, ह्यांचा रंधा घेऊन नाही," असं ती सांगायची.

मिस्त्रींची खोली तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी. बावीस वर्षं ते तिथे पाचरी तासत होते. काम संपत नसे, कारण सदस्यांना बाकं वाजवायची सवय होती. आपला माणूस बोलला की वाजवायची, समोरचा बोलला की अजून जोरात वाजवायची, आणि कोण काय बोललं ते कळलंच नाही तर सर्वांत जोरात. सत्ताधारी बाजूची बाकं वरून झिजत, कारण ते तळहातांनी वाजवत. विरोधी बाजूची खालून, कारण ते पायही आपटत. सरकार बदललं की तीन महिन्यांत झीजही बाजू बदलायची. मिस्त्री वर्तमानपत्र क्वचितच वाचत. देशात काय चाललंय ते त्यांना सांध्यांवरून कळे.

सभागृहात कोटाशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. तो सुतारालाही लागू होता. म्हणून कोठीतून मिस्त्रींना एक काळा कोट मिळाला होता. कुण्या माजी सदस्याने निवडणूक हरल्यावर तो रागाने खुंटीलाच सोडला होता. तो सदस्य चांगला आडवा असावा. कोटात मिस्त्री दीड वेळा मावत.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेतलं एक बाक कुरकुरत होतं. त्यावर एक वजनदार उपमंत्री बसत, आणि पंतप्रधान "आमचं सरकार भक्कम आहे" असं म्हणाले की नेमकं तेव्हाच ते बाक कुईं करायचं. तीनदा असं झाल्यावर विरोधकांनी हसून गोंधळ घातला. अध्यक्षांनी कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब केलं आणि मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री कोट चढवून, कानाला पेन्सिल लावून बाकाखाली शिरले. पाय सांध्यातून निखळला होता. त्यांनी सांध्यात सरस भरला, पाचर अर्धी ठोकली, आणि एवढ्यात सदस्य परत आले. पंधरा मिनिटांची तहकुबी आठ मिनिटांत संपली होती. अशी गोष्ट त्या सभागृहात आधी कधी घडली नव्हती. मिस्त्री बाहेर पडायला वळले तोवर उपमंत्री बसलेसुद्धा. आता हात सोडला असता तर पाय गेला असता, आणि पायामागोमाग उपमंत्री. मिस्त्रींनी विचार केला, आपलं काम अर्धवट टाकून जायचं नाही. ते पाय धरून तिथेच बसले.

एक तास चाळीस मिनिटं ते बाकाखाली होते. उपमंत्र्यांनी त्यांना कुणाची तरी बॅग समजून बुटासकट पाय त्यांच्या पाठीवर ठेवले होते. वर चर्चा चालली होती, पण खाली फक्त गुरगुर ऐकू येत होती. मग घंटा वाजली, मार्शलांनी दारं बंद केली आणि मतदान पुकारलं गेलं.

बटणं दाबून मत द्यायचं यंत्र होतं, पण त्यात कुणाचा तरी चहा सांडल्यापासून ते प्रत्येक प्रश्नावर "तटस्थ" दाखवत असे. त्यामुळे शिरगणती होत असे. बाजूने असलेले उभे राहायचे, दोन कारकून मागच्या दाराशी उभे राहून बोटाने डोकी मोजायचे. मग ते बसायचे आणि विरोधातले उभे राहायचे.

"बाजूने असलेल्यांनी उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले.

मिस्त्रींच्या पाठीवरचे बूट उचलले गेले. सगळीकडे पाय सरळ होताना दिसले. मिस्त्रींना वाटलं, सभा सुटली. त्यांनी पाचर शेवटचा ठोका देऊन आत बसवली आणि बाकाचा आधार घेत उठून उभे राहिले. आजूबाजूला सगळे गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते, म्हणून त्यांनीही बघितलं. थोड्या वेळाने सगळे बसले. मिस्त्रींच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तेही बसले.

उपमंत्र्यांनी सरकून जागा दिली. "नवीन का?"

"नाही, मी दुरुस्तीसाठी आलोय."

"दुरुस्ती लेखी दिली आहे का?"

"लेखी कशाला? करूनच टाकली."

"पहिल्या वर्षी सगळ्यांचा असाच उत्साह असतो," उपमंत्री म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मग विरोधातले उठले, मोजले गेले, बसले. अध्यक्षांनी निकाल वाचला. बाजूने एकशे दहा, विरोधात एकशे नऊ. सत्ताधाऱ्यांनी असा काही बाकांचा गजर केला की झुंबराचे लोलक किणकिणले. मिस्त्रींनी सांध्यावर हात ठेवून पाहिलं. बाक जागचं हललं नव्हतं. त्या आनंदात ते घरी गेले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना ऐकू कमी येई, पण दुपारभर दूरचित्रवाणीवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण त्या बघत. आवाज पोचत नसल्यामुळे त्यांना ते इतरांपेक्षा जास्त आवडत असे.

"जावईबापू, आज तुम्ही उभे राहिलात," त्या म्हणाल्या. "कोट फार ढगळ दिसतो हो. खांदे तरी आत घ्या."

"मी दुरुस्तीला गेलो होतो."

"कुस्तीला? ती नंतर झाली. तेव्हा तुम्ही नव्हतात."

तेवढ्यात बायको पाळी संपवून आली. तिने खांद्यावरची पिशवी काढली, तिकिटांचं यंत्र चार्जिंगला लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. गर्दीच्या वेळी माणसांना मागे सरकायला सांगायची तिला इतकी सवय होती की नवऱ्याशीही ती त्याच आवाजात बोले.

"बाजूने किती?"

"एकशे दहा."

"विरोधात?"

"एकशे नऊ."

"आणि दारं बंद केली तेव्हा आत सदस्य किती होते? आईच्या टीव्हीवर पट्टी येते ना खाली."

"दोनशे अठरा," सासूबाई म्हणाल्या. मुलीचे प्रश्न त्यांना ओठांवरून कळत.

बायकोने हिशेब लावायला पळभरही घेतलं नाही. "म्हणजे एक बिनतिकिटाचा. आणि तो माझ्याच घरात निघावा. मी सत्तर माणसांच्या गर्दीत एक फुकट्या ओळखते, आणि त्या दोघा कारकुनांना कानाला पेन्सिल लावलेला सुतार दिसत नाही?"

"मला वाटलं, सभा सुटली."

"ते असू दे. मत दिलंत ते कशावर?"

मिस्त्रींना ते माहीत नव्हतं. बाकाखाली काही ऐकू आलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बायकोने वर्तमानपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवली. मंजूर झालं होतं ते आसनव्यवस्था आधुनिकीकरण विधेयक. सगळी लाकडी बाकं काढून टाकायची आणि त्यांच्या जागी गादीच्या, फिरत्या, आयत्या खुर्च्या आणायच्या. खुर्चीला पुढे छोटं टेबल, तेही फोमचं, म्हणजे कुणाला लागायला नको. सुताराचं पद सहा महिन्यांत रद्द. एवढ्याशा गोष्टीवर पंतप्रधानांनी हट्टाने सांगून ठेवलं होतं की हे विधेयक पडलं तर मी राजीनामा देईन. त्यामुळे खुर्च्यांवरून अख्खं सरकार पणाला लागलं होतं.

मिस्त्रींनी ओळ दोनदा वाचली.

"बावीस वर्षांत एकदा मत दिलंत," बायको म्हणाली, "तेही स्वतःच्या नोकरीवर रंधा फिरवायला."

त्या दिवशी त्यांनी बाकांवर हात फिरवला तेव्हा प्रत्येक बाकाची माफी मागावीशी वाटली. पण खरी पंचाईत तिसऱ्या दिवशी झाली. जास्तीचं डोकं कुणाचं, हा प्रश्न वर्तमानपत्रांनीही काढला होता. विरोधी पक्षनेत्यांनी बसल्या जागी उत्तर शोधून काढलं. त्यांच्या पक्षात एक म्हातारे सदस्य होते, पूर्वी पोस्टमास्तर होते. ते सभागृहात जवळजवळ सगळा वेळ झोपत आणि अधूनमधून दचकून उठत. नेते म्हणाले, ह्यांनी दोन्ही वेळा उभं राहून पक्षाशी गद्दारी केली. आणि त्यांना पक्षातून काढून टाकलं. नेत्यांना त्यांना तसंही काढायचंच होतं, कारण नेत्यांचं भाषण चालू असताना ते घोरत.

मिस्त्रींना पोस्टमास्तर मागच्या जिन्यात भेटले. ते पायरीवर बसले होते. मिस्त्रींनी तळघरातून एक स्टूल आणून दिलं.

"तुम्ही खरंच दोनदा उठलात का हो?" त्यांनी विचारलं.

"तेच आठवायचा प्रयत्न करतोय," पोस्टमास्तर म्हणाले. "गुडघे आखडतात म्हणून मी उठतो मधूनमधून. उठलोही असेन. चाळीस वर्षांत मी एक पत्रसुद्धा चुकीच्या घरी टाकलं नाही, आणि आता स्वतःलाच कुठे टाकलं ते आठवेना. काल घरी मी बायकोला विचारलं, माझं डोकं चालतं का नीट. ती चहा करायला उठून गेली."

मिस्त्री खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "तो मी होतो."

"कोण?"

"जास्तीचा. मी बाकाखाली होतो. चुकून उभा राहिलो."

पोस्टमास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मी एकदाच उठलो?"

"एकदाच. बरोबर जागी."

"मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "पक्ष काय, मिळेल दुसरा. डोकं मिळालं नसतं." आणि ते स्टूल घेऊन उन्हात जाऊन बसले.

पण मिस्त्रींना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दाढी करून, कोट घालून ते थेट अध्यक्षांच्या दालनात गेले आणि घडलं ते सगळं सांगून मोकळे झाले.

अध्यक्ष फार सौम्य गृहस्थ होते. अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसून त्यांनी एकही निर्णय कुणाच्या बाजूने दिला नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंना ते प्रिय होते. मिस्त्रींचं बोलणं ऐकता ऐकता ते पांढरे पडत गेले.

"म्हणजे तुम्हाला वजा केलं तर एकशे नऊ विरुद्ध एकशे नऊ," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि बरोबरी झाली तर मत अध्यक्षाने द्यायचं असतं."

"हो साहेब."

"म्हणजे मी."

अध्यक्षांनी पाणी मागवलं, नियमांचं जाडजूड पुस्तक मागवलं, आणि अर्धा तास पानं उलटली. मग त्यांचा जीव भांड्यात पडला.

"नियमांत बाकावरच्या सदस्याचा उल्लेख आहे," ते म्हणाले. "बाकाजवळच्या आहे. बाक सोडून गेलेल्याचासुद्धा आहे. बाकाखालच्या माणसाचा कुठेही नाही. तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात."

"पण मी होतो साहेब. पाठीवर बुटांचे वळ आहेत."

"शिवाय, विधेयक तुमच्या नोकरीबद्दल होतं. आपला हितसंबंध गुंतलेला असेल तर मतदानात भाग घ्यायचा नसतो. तुम्ही घेतलात, हे गैर आहे. ही गोष्ट बाहेर गेली तर तुमचीच नाचक्की होईल. मी केवळ तुमच्या काळजीपोटी सांगतोय."

तिथून मिस्त्री विरोधी पक्षनेत्यांकडे गेले. त्यांनी आधी उडी मारल्यासारखं केलं, कारण सरकार पाडायची संधी चालून आली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की तसं केलं तर पोस्टमास्तरांना परत घ्यावं लागेल, आणि आपण चुकलो असं म्हणावं लागेल. दोन्हींपैकी त्यांना सरकार राहिलेलं परवडणार होतं. "तुम्ही सरकारचे हस्तक आहात," ते म्हणाले आणि निषेध म्हणून स्वतःच्याच खोलीतून सभात्याग केला. मिस्त्री रिकाम्या खोलीत थोडा वेळ थांबले. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली कागदाची घडी सरकवून ते परतले.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सरकारपक्षाच्या प्रतोदांच्या कानावर गेली. सभासदांना हाकून मतदानाला आणणं हे त्यांचं काम. ते तळघरात आले, लाकडाच्या भुश्शात आपले चकचकीत बूट जपून ठेवत उभे राहिले.

"मिस्त्री, पुढच्या निवडणुकीला उभे राहता का आमच्याकडून?"

"मला काय येतं त्यातलं?"

"उभं राहता येतं. आमच्यातल्या अर्ध्यांना वेळेवर तेवढंही जमत नाही."

मिस्त्रींनी हात जोडले. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरं केलंत. पुन्हा कधी उभं राहायचं झालं तर आधी मला विचारा."

एवढा गवगवा झाल्यावर काहीतरी करणं भाग होतं. म्हणून जास्तीचं डोकं कुणाचं, ह्याचा शोध घ्यायला अकरा सदस्यांची समिती नेमली. समितीच्या आठ बैठका झाल्या. पहिल्या पाचांत 'डोकं' ह्या शब्दाची व्याख्या ठरली. सहावीत ती बदलली. नवव्या बैठकीत जनतेची साक्ष घ्यायची होती. तशी जाहिरात दिली होती, आणि जनतेतून सासूबाई आल्या.

मिस्त्रींना त्याचा पत्ता नव्हता. ते त्याच खोलीत स्टुलावर चढून खिडकीला नवी बिजागरी बसवत होते, कारण जुनी खिडकी वाऱ्याने आपटत होती आणि समितीच्या विचारांत व्यत्यय येत होता. सासूबाई चांगल्या साडीत आत आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या, आणि मिस्त्रींच्या हातातून स्क्रू खाली पडला.

"आपण त्या दिवशी काय पाहिलंत?" समितीप्रमुखांनी विचारलं.

"अं?"

"काय पाहिलंत?" ते ओरडले.

"आमचे जावई उभे राहिले. तिसरी रांग, जाड्यांच्या शेजारी. मग बसले. विरोधातले उठले तेव्हा हे बसूनच होते. तशी शिस्त आहे त्यांना."

अकरापैकी सहा सदस्य सरकारपक्षाचे होते, पाच विरोधी. हे उत्तर एकालाही नको होतं.

"आपले जावई कुठे असतात?" प्रमुखांनी जरा घाबरतच विचारलं.

"ते काय," सासूबाईंनी हात लांब केला. "त्या खिडकीत."

अकराही माना वळल्या. मिस्त्री पेचकस हातात घेऊन स्टुलावर उभे होते. ते म्हणाले, "हो, मीच तो. मी कधीपासून सांगतोय."

प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग लघुलेखकाकडे वळले. "नोंद घ्या. साक्षीदाराने खिडकीकडे बोट दाखवलं."

"आणि खिडकीतून कुणीतरी बोललं, तेही घेऊ का?" लघुलेखकाने विचारलं.

"वारा होता. कामकाजातून काढून टाका."

महिन्याभरात अहवाल आला. तीनशे बारा पानांचा. निष्कर्ष असा, की जास्तीचं डोकं बाहेरून, बहुधा खिडकीतून आत आलं असावं आणि मोजून झाल्यावर तिथूनच निघून गेलं असावं. सबब मतदान वैध, कुणाही सदस्याचा दोष नाही, आणि यापुढे सभागृहाच्या खिडक्यांना गज बसवावेत. सभागृहाला एकही खिडकी नव्हती. ते लक्षात आल्यावर पुरवणी अहवाल निघाला, की गज बसवता यावेत म्हणून आधी भिंतीत दोन खिडक्या पाडाव्यात. त्यांच्या चौकटी मिस्त्रींनीच केल्या. आत पहिल्यांदा उजेड आला तेव्हा बऱ्याच सदस्यांनी समोरच्या बाजूचे चेहरे नीट पाहिले आणि काही काळ सगळे जरा वरमले होते.

कुणाचाच दोष नाही म्हटल्यावर पोस्टमास्तरांना पक्षात परत घ्यावं लागलं. नेत्यांनी त्यांना हार घातला. हार घालताना पोस्टमास्तर उभे होते, एकदाच, आणि ते त्यांनी जवळच्या माणसाला विचारून खात्री करून घेतलं.

सहा महिन्यांनी खुर्च्या आल्या. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बाकं सुटी केली, पाय वेगळे, फळ्या वेगळ्या, आणि कोठीत नीट रचून ठेवली. नोकरीचा शेवटचा आठवडा होता. बायकोने त्यांच्यासाठी बसच्या आगारात विचारून ठेवलं होतं. तिथे आसनं बसवायला माणूस हवा होता.

नव्या खुर्च्यांवरचं पहिलं अधिवेशन सोमवारी भरलं. पंतप्रधान बोलायला उठले आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, "आमचं सरकार भक्कम आहे." सत्ताधाऱ्यांनी हात उगारले आणि समोरच्या फोमच्या टेबलांवर आपटले. कुणी उशी झटकावी तसा फसफस आवाज झाला. पंतप्रधान थांबले. त्यांना वाटलं, आपल्याच माणसांनी दाद दिली नाही. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा फसफस. विरोधकांनी संतापून पाय आपटले, पण खाली गालिचा होता, आणि खुर्च्या फिरत्या असल्यामुळे पाय आपटला की माणूस गर्रकन मागे वळायचा. विरोधी पक्षनेत्यांनी अर्धं भाषण भिंतीकडे तोंड करून दिलं. घरी सासूबाईंना मात्र आवाजात काहीच फरक जाणवला नाही.

तीन दिवसांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं. बावीस वर्षांत मिस्त्रींनी असं एकमत पाहिलं नव्हतं. खुर्च्या बदलायच्या म्हणजे विधेयक चुकलं असं म्हणावं लागलं असतं, म्हणून फक्त प्रत्येक टेबलावर एक लाकडी फळी ठोकायचं ठरलं. तात्पुरती. ती ठोकायला सुतार हवा, म्हणून सुताराचं पदही चालू ठेवलं. तेही तात्पुरतं. मिस्त्रींनी कोठीतल्या जुन्या बाकांच्या फळ्या काढल्या, रंधा मारला आणि एकेका खुर्चीपुढे बसवायला घेतल्या. दोनशे चाळीस फळ्यांना सतरा दिवस लागले. दोनशे चाळीस अशासाठी, की एका सदस्याने आपल्याला फळी नको म्हणून लेखी अर्ज दिला होता.

मिस्त्री त्या अर्जाची खात्री करायला गेले तेव्हा पोस्टमास्तर आपल्या नव्या खुर्चीत मागे रेलून बसले होते. फोमवर त्यांनी गाल टेकवला होता.

"बसवू नका बरं का इथे," ते डोळे न उघडता म्हणाले. "पहिल्यांदाच काहीतरी लोकांच्या सोयीचं मंजूर झालंय."

मिस्त्रींनी यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली, पेन्सिल कानाला लावली आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले.